गार होऊ दे, मग खा

सदा, मी पोचले तेव्हा माणसं नदीवरनं परत आली होती. ओल्या धोतरांनी तुझ्या दारात उभी होती, लिंबाचा पाला चावत होती. कुणीतरी म्हणालं, "आक्का आल्या." तशी सगळ्यांनी बाजूला होऊन मला वाट दिली, जसं काही आत मला भेटायला कुणी थांबलंच होतं. रहिमतपूरला निरोप आला तो एवढाच, की ताप उतरत नाही. मुदतीचा ताप आहे, किती दिवसांचा आहे, काही नाही. मी गाडीत बसून तुझ्याशी काय काय बोलायचं ते जुळवत आले. आधी चांगली झाडणार होते तुला. ताप अंगावर काढतोस, बहिणीला कळवत नाहीस, मिलटरीत राहून हीच का अक्कल आली? रहिमतपूरपासून सांगलीपर्यंत रागावत आले रं, आणि उतरल्यावर रागवायला तूच नव्हतास.

काल तुझं तेरावं झालं. गोडाचं जेवण उरकून माणसं गेली. आपले कुंडलचे मामा तेवढे राहिलेत, ते बाहेर पान कुटत बसलेत. तुझी शांता जरा पडलीय. एवढ्या दिवसांत तिचा डोळा आज पहिल्यांदा लागला. मी तुझ्या बिस्किटांच्या भट्टीपाशी बसून हे लिहितेय. चौथीपर्यंत शाळा केली ती अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या कुणाला सांगावं तर म्हणतील, बिस्किटापायी बहीणभावांनी अबोला धरला? येडी का खुळी ही माणसं? म्हणून तुलाच सांगते.

तुला मी जन्मभर 'मेल्या' म्हटलं. ऊठ मेल्या, जेव मेल्या, कुठं उलथला होतास मेल्या. आई गेली तेव्हा तू माझ्या कमरेएवढा होतास, तेव्हापासून तुला हीच हाक. परवा शांताचं मांजर दुधात तोंड घालायला लागलं, तर ओठावर आलेला तो शब्द मी गिळला. आता तो कुणालाच म्हणवत नाही.

लढाईवरनं आलास तो दिवस आठवतो. लोक बहिणीला लुगडं आणतात, पितळेचं भांडं आणतात. तू काळ्या पेटीतनं पत्र्याचा एक मोठा डबा काढलास आणि असा जपून माझ्या पुढ्यात ठेवलास, जसं काय आत सोनं आहे. झाकण काढलं तर कोंड्यासारख्या पांढऱ्या पाकळ्या. तुझ्या दाजींनी चिमूटभर तळहातावर चोळून वास घेतला आणि म्हणाले, "आरं, ह्ये तर घोड्याचं खाणं हाय!"

"दाजी, ओट म्हनत्यात ह्येला. गोरं लोक सकाळी ह्येची खीर खात्यात."

"मग त्यास्नी मागं शेपूट हाय का, ती बघितलीस का न्हाई?"

किती हसलो आपण तेव्हा! तू पण हसलास, पण डबा काही बाजूला सारला नाहीस. मग सांगायला बसलास. इटलीत तू पलटणीचा आचारी, तुमच्या भट्टीवर एक गोरा सार्जंट होता, तांबड्या केसांचा, कुठल्याशा डोंगराळ मुलखातला. पलटणीचा पाव भाजून झाला की उरल्या धगीवर तो स्वतःपुरती ओटाची बिस्किटं करायचा, त्याच्या आईच्या पद्धतीची. साखर मिळाली नाही की डब्यातली काळी काकवी घालायचा. त्यातलं एक त्यानं तुझ्या हातावर ठेवलं तेव्हा बाहेर बर्फ पडत होतं. आणि पुढं तू जे बोललास ते अजून माझ्या कानात आहे. "आक्का, तोंडात घातलं आन् तुजी काकवी-भाकरी आठवली. रडाय लागलो गं मी. त्यो सार्जंट म्हनला, आरं रडतुस काय, तिखाट न्हाई त्यात."

सदा, आई गेल्यावर मला कालवण जमायचं नाही. खारट तरी व्हायचं, नाहीतर बुडाला लागायचं. म्हणून भाकरी कुस्करून तिच्यावर काकवी ओतायची आणि तुझ्यापुढं सरकवायची. तू बोटं चाटून पुसून खायचास. ते लाड नव्हते रं, मला दुसरं काही करता येत नव्हतं. तुला ते लाड वाटले आणि तू ते इटलीपर्यंत नेलेस. हे तेव्हाच सांगणार होते, पण तुझे दाजी समोर बसलेले, आणि असलं काही बोलायची आपल्यात रीत नाही.

मग आपल्या परड्यात तू चूल मांडलीस. मोठी कढई, तळाला नदीची वाळू, वाळूवर ताटली, वर पालथी परात आणि परातीवर निखारे. माझ्याकडनं लोणी घेतलंस, घरच्या गुऱ्हाळाची काकवी घेतलीस. दोन्ही एकत्र असं घोटलंस की माझा हात बघूनच दुखायला लागला. त्यात कणीक, दालचिनीची पूड, खायचा सोडा, शेंगदाण्याचा भरड कूट, आणि शेवटी ते ओट. लिंबाएवढे गोळे करून जरा दाबलेस. थोड्या वेळानं परात उचलून बघितलंस. कडा तांबूस झाल्या होत्या, मधलं अजून बोटाला मऊ लागत होतं, आणि तेवढ्यात तू ताटली बाहेर काढलीस.

"आरं, कच्ची हायत की!"

"न्हाईत. अशीच असत्यात. गार होऊ दे, मग खा."

आता मला सांग, आमच्या डोक्यात हे कसं शिरावं? आम्हाला भाजलेलं माहीत आणि कच्चं माहीत. मधलं कुठलं आलं हे? बिस्किट म्हणजे दाताखाली कुडुम् वाजलं पाहिजे, चहात बुडवल्याशिवाय वाकता कामा नये. तू मला वाऱ्यावर ताटली धरून समजावत बसलास, की बाहेर काढल्यावर ती आपल्याच धगीनं आतून शिजत राहतात, गरम असताना हात लावला तर मोडतात, काकवीमुळं मऊ राहतात, साखर घातली की कडक होतात. मी म्हटलं, बरं बाबा, तू पलटणीतला आचारी, मी चुलीपुढची अडाणी. मग गार झाल्यावर खाल्लं. कडेला खुसखुशीत, मधे मऊ आणि जरासं चिवट, डिंकाच्या लाडवासारखं दाताला धरून राहणारं. खोटं कशाला बोलू, लय आवडलं. दुसरं तू बघत नसताना खाल्लं. तुला मात्र म्हणाले, "बरं झालंय. आनखी जरा भाजलं असतंस तर बरूबर झालं असतं." तुझं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, फार चढवून ठेवू नये पोराला. बाविसातला घोडा झालेला, लढाई करून आलेला, आणि मी त्याला पोर म्हणून चढवून ठेवत नव्हते.

मग कमळीची सुपारी फोडायचा दिवस आला. आपल्या लेकीची सोयरीक, कोरेगावकडचं तालेवार घर, मला चार दिवस घास गोड लागला नव्हता. तू म्हणालास, "पाव्हन्यास्नी लाडू-चिवडा समदंच देत्यात. आपुन माजी बिस्कुटं देऊ. भाचीच्या सुपारीला मामाचा हात लागू दे." मी नको म्हणत होते. तुझे दाजी म्हणाले, करू दे त्याला. पहाटेपासून खपलास. बैठक बसली, चहा गेला, आणि त्याच्यामागनं बिस्किटांची परात गेली. नवऱ्या मुलाचा चुलता, तो मिशीवाला, त्यानं एक उचललं, अंगठ्यानं दाबलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाव्हनं, बिस्कुटं कच्ची राह्यली जनू." बैठकीत हशा पिकला. दाराआड कमळी उभी होती, तिचा चेहरा पांढरा पडला. लग्नाआधीच, मुलीच्या आईला भाजता येत नाही म्हणून बोभाटा!

मी परात उचलून आणली ती थेट कढईवर. वर दुसरी परात पालथी घालून निखारे लोटले, खाली लाकूड सारलं. तू मागनं धावत आलास.

"आक्का, आगं काय करतीयास? गरम हायत अजून, गार तर होऊ देत!"

"गप बस मेल्या. हितं माज्या लेकीचं ठरतंय."

दगडासारखी कडक करून परत पाठवली. पाहुण्यांनी कुडुम्‌कुडुम् करून खाल्ली, दुसरा चहा मागितला, चुलता म्हणाला, "आता कसं झालं!" सुपारी फुटली. तू पाण्याचे तांबे भरलेस, विडे दिलेस, सगळं केलंस, आणि संध्याकाळच्या गाडीनं पेटी घेऊन निघून गेलास. दाजींच्या पाया पडलास. माझ्याही पडलास. बोलला मात्र नाहीस.

आता तूच सांग, मी काय करायला पाहिजे होतं? हा वाद आपला मिटलाच नाही. तू म्हणणार, जरा दम धरला असतास तर गार होऊन त्यांनीच दोन दोन खाल्ली असती. मी म्हणणार, सोयरे दम धरत नसतात, ते उठून जातात. मी अजून तेच म्हणते. कमळी आज सुखात आहे, चुलताच तिला सगळ्यात जास्त जपतो. मग माझं काय चुकलं? सांग ना. गेलास म्हणून तुझं सगळं बरोबर होत नाही.

पण एक आहे. चुलता बोलला तेव्हा चहाची किटली घेऊन तू बैठकीच्या कडेला उभा होतास, आणि मी दारात. सगळे हसले तेव्हा तू हसणाऱ्याकडं बघितलं नाहीस. माझ्याकडं बघितलंस. कच्ची नाहीत, अशीच असतात, एवढंच मी पाच माणसांत म्हणावं, असं तुझ्या डोळ्यांत होतं. माझी जीभ उचलली नाही. परात उचलली.

मग तू सांगलीला भट्टी घातलीस, शांताशी लग्न केलंस, सगळं आम्हाला गुळाच्या गाडीवाल्यांकडनं कळायचं. कमळीच्या लग्नाला आलास. मांडवाची मेढ रोवलीस, पंगतीत वाढलंस, भाचीला पाटावर घेऊन आलास, आणि मला काय म्हणालास? "आवं आक्का, पान्याची घागर कुठं ठिवायची?" आवं! मला! ज्या पोराचा शेंबूड मी पदरानं पुसला तो मला आवं-जावं करतो! त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्यास तरी चाललं असतं. मीही तशीच हट्टी. म्हटलं, "ठिवा की कुठंबी."

पण काकवी थांबवली नाही हां मी. गुऱ्हाळ लागलं की पहिल्या कढईची काकवी डब्यात भरायची, आणि आपला गूळ सांगलीच्या पेठेत निघाला की गाडीवानाच्या हाती द्यायचा. तोच डबा, तुझा ओटाचा. निरोप नाही, काही नाही. आणि डबा परत यायचा. रिकामं भांडं परत करायचं नाही, ही रीत मीच तुला शिकवलेली. पहिल्यांदा आला तो खडखडा वाजत आला. उघडून बघितलं तर बिस्किटं. कडक. अशी कडक की आपटली तर दगड फुटावा.

असा राग आला मला! म्हटलं, टोमणा मारतोय मेला. घे, तुला पाहिजे होती तशी. एकाला तोंड लावलं नाही. गुऱ्हाळावरच्या माणसांना वाटून टाकली. पुढच्या सुगीला पुन्हा काकवी पाठवली, मुद्दाम काठोकाठ भरून, आणि पुन्हा डबा तसाच खडखडत आला. पुन्हा वाटून टाकली. यंदाच्या भाऊबीजेला मात्र मी ठरवलं होतं की आपणच सांगलीला जायचं, ओवाळायचं आणि ताटात तुझीच कडक बिस्किटं ठेवून विचारायचं, हे काय आहे रं मेल्या? दिवाळी अजून यायचीच आहे. तुझ्यासाठी घेतलेला फेटा घरी खुंटीला आहे.

दुखवट्यात बसलेली असताना एक टांगेवाला दारात आला. त्याला काही कळलं नव्हतं, परगावी गेलेला बिचारा. उंबऱ्यात मीच होते. तो म्हणाला, "मावशी, पावशेर आक्काची द्या की."

"काय म्हनलासा?"

"आक्काची हो. ती कडक असत्यात न्हवं का, ती."

मला वाटलं माझ्या कानात काही बिघाड झाला. आतनं शांता आली, तिनं त्याला तुझं सांगितलं. तो गेल्यावर तिनं मला दोन बरण्या दाखवल्या. एकीत मऊ, एकीत कडक. मऊला गिऱ्हाईक थोडं, कडकला जास्त, आणि सगळी गल्ली कडकला 'आक्काची' म्हणते. तूच पहिल्या दिवसापासून तसं म्हणत आलास.

सदा, मी आधी हसले. सुतकात खदखदून हसले, शेजारणी बघायला लागल्या. जळकी, बिघडलेली, तुझ्या मते वाटोळं झालेली बिस्किटं, आणि त्यांना बहिणीचं नाव! मग हसता हसता जे रडू फुटलं ते आवरेना. चिडवायला ठेवलंस रं हे नाव, का आठवणीला? शांताला विचारलं. ती म्हणाली, "मला काय म्हाईत, वन्सं? त्येंच्या मनातलं त्येनी कवा सांगितलं? पन एक सांगते. मऊ बिस्कुटं मी काढायची. आक्काची भाजाय लागले की मला भट्टीकडं येऊ द्यायचे न्हाईत. काकवीचं बिस्कुट कडक कराय गेलं की पटकन जळतंय, लय जपावं लागतंय. म्हनून सोता बसून ऱ्हायचे. आन् तुमच्या डब्यात जायाची ती तर एकेक निवडून भरायचे."

निवडून भरायचास. आणि मी ती गुऱ्हाळावर वाटून टाकत होते. एक तरी चाखायची होती रं. एक. टोमणा असता तरी तुझ्या हातचा होता.

परवा शांता म्हणाली, "वन्सं, त्येंच्या गोडाच्या जेवनाला काय करायचं?" मी म्हटलं, "भट्टी पेटव." एवढे दिवस थंड पडलेली तुझी भट्टी काल आम्ही दोघींनी पेटवली. पोत्याच्या तळाला ओट होते, आणि फळीवर माझा डबा होता, यंदा परत यायचा राहिलेला, गेल्या सुगीची काकवी बुडाला दाट झालेली. लोणी मी घोटलं. दमले, पण शांताला हात लावू दिला नाही. गोळे केले, दाबले, भट्टीत सारले. कडा तांबूस झाल्या. मधे बोट लावलं तर मऊ. माझा हात नुसता शिवशिवत होता बघ, अजून जरा राहू दे, अजून जरा. सगळा जन्म त्या हाताला तीच सवय. तरी ताटं बाहेर काढली. एक ताट तेवढं मुद्दाम भट्टीतच कडक व्हायला ठेवलं आणि त्याच्यापाशी बसून राहिले. दोन्ही बरण्या भरल्या पाहिजेत, शांता भट्टी चालवणार म्हणतेय. काकवी माझी येत राहील.

पंगत बसली. पानावर मी स्वतः वाढलं. मामांनी घाई केली, तुला माहीत आहे त्यांचं. एक उचललं, आणि काय केलं असेल? अंगठ्यानं दाबलं! मग मान वर करून सगळ्या पंगतीत म्हणाले, "आक्के, कच्ची राह्यली व्हय गं?"

सगळ्यांचे हात थांबले. शांता माझ्याकडं बघायला लागली. अगदी तुझ्यासारखी.

मी म्हटलं, "न्हाईत मामा. अशीच असत्यात. गार होऊ द्यात, मग खावा."

मामांनी ते पानावर परत ठेवलं. भात संपवला, मग बिस्किट उचलून खाल्लं. हळूहळू चावलं, बराच वेळ चावलं, आणि दुसऱ्याला हात घातला. मी आत जाऊन भिंतीकडं तोंड करून एक खाल्लं. काकवी-भाकरीच होती रं. तुझं ते बोटं चाटणारं तोंड समोर आलं.

तुझं सगळं बरोबर होतं असं मी अजून म्हणत नाही. पण पाच माणसांत म्हटलं, सदा. चांगलं मोठ्यानं म्हटलं. ऐकलंस का रं?